सॉल्व्हंटच्या वाफा ओळखणारी फ्लोरोसंट फिल्म : होडीवाले, मूर्तिकार आणि एमआयडीसीतल्या पोरांचे नेहमीचे प्रश्न

१ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढल्या जातात आणि ३१ जुलैपर्यंत फायबरची दुरुस्ती चालते, तिकडे पेणला त्याच महिन्यांत गणपतीचं रंगकाम जोरात असतं. पाऊस आत येऊ नये म्हणून दोन्हीकडे ताडपत्र्या खाली सोडलेल्या आणि आत रेझीन, ॲसिटोन, थिनर, म्हणजे भराभर उडणाऱ्या सॉल्व्हंटच्या वाफा. त्यामुळे हे प्रश्न दरवर्षी याच दिवसांत येतात. जे जे विचारलं गेलं ते इथे एकत्र लिहून ठेवतोय.

ही फ्लोरोसंट फिल्म म्हणजे नक्की काय असतं?

काचेवर किंवा प्लास्टिकवर चढवलेला एक अतिशय पातळ थर, बऱ्याचदा केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा. त्यात असा रेणू असतो की त्याच्यावर अल्ट्राव्हायोलेट किंवा निळा उजेड टाकला की तो दुसऱ्या रंगाचा उजेड बाहेर टाकतो. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारला की नोटेवरचा नंबर चमकतो ना, तोच प्रकार. टाकलेल्या उजेडापेक्षा बाहेर येणारा उजेड जास्त लांब तरंगाचा असतो हे जॉर्ज स्टोक्सने १८५२ साली मांडलं आणि फ्लोरोसन्स हे नावही त्यानेच दिलं. सेन्सरमध्ये ही फिल्म, एक छोटा एलईडी, मध्ये फिल्टर आणि समोर उजेड मोजणारा फोटोडायोड एवढंच असतं. हवा फिल्मवरून गेली आणि तिच्यात सॉल्व्हंटची वाफ असली की चमक कमी होते, वाढते किंवा रंग सरकतो, आणि तो फरक यंत्र वाचतं.

वाफ लागली की चमक का बदलते?

याचे तीन-चार मार्ग आहेत, आणि कुठली फिल्म घ्यायची ते यावरच ठरतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला मार्ग, उजेड खाऊन चेतलेल्या रेणूचा इलेक्ट्रॉन शेजारी आलेल्या वाफेच्या रेणूने पळवायचा किंवा त्याला स्वतःचा द्यायचा, मग उजेड बाहेर पडतच नाही, चमक विझते. ॲनिलीनसारख्या अमाइनच्या (नायट्रोजनवाल्या संयुगांच्या) वाफा पेरिलीन डायइमाइड नावाच्या डायच्या फिल्मला अशा पटकन विझवतात कारण अमाइनला इलेक्ट्रॉन द्यायची हौस आणि पेरिलीनला घ्यायची. अमेरिकेत एमआयटीच्या टिमोथी स्वॅगर यांनी १९९० च्या दशकात लांबलचक साखळीचे पॉलिमर वापरले, साखळीत कुठेही एका जागी वाफेचा रेणू बसला तरी मोठ्या भागाची चमक जाते, आणि टीएनटीसारख्या स्फोटकांची अगदी किंचित वाफही त्यामुळे सापडायला लागली. त्यावरून स्फोटकं शोधणारी यंत्रं बाजारातसुद्धा आली.

दुसरा मार्ग म्हणजे आजूबाजूचं द्रव्य किती पोलर आहे, म्हणजे त्याच्या रेणूत विजेचा भार किती एका बाजूला झुकलाय, त्यावर रंग बदलणारे डाय. नाईल रेड हा त्यातला प्रसिद्ध. तिसरा, पॉलिमर वाफ पिऊन फुगतो आणि आतले रेणू एकमेकांपासून लांब जातात, त्याने चमक बदलते. बेंझीन, टोल्युइन ही मंडळी इलेक्ट्रॉनच्या देवघेवीत तशी थंड, त्यामुळे त्यांच्यासाठी हे दोन मार्ग जास्त कामाचे.

चौथा मला सगळ्यात आवडतो. काही रेणू एकटे असताना गप्प आणि गर्दी झाली की चमकतात. हाँगकाँगच्या बेन झोंग तांग यांच्या गटाने २००१ साली हे दाखवलं. टेट्राफेनिलइथिलीन नावाचा त्यातला एक साधा रेणू आहे, त्याच्या द्रावणाचा एक थेंब सिलिकाच्या टीएलसी प्लेटवर (रसायनं वेगळी करायला प्रयोगशाळेत वापरतात ती पट्टी) टाकून वाळवला की टॉर्चखाली निळा ठिपका दिसतो. तीच प्लेट डायक्लोरोमिथेनची वाफ भरलेल्या बरणीत धरली की ठिपका काळा पडतो, कारण वाफ सिलिकाच्या भोकांत जमून तिथे रेणू विरघळतात आणि सुटे होऊन त्यांची पंख्यासारखी पाती फिरायला लागतात, उजेडाची सगळी ऊर्जा त्या फिरण्यात जाते. बरणीतून काढली, वाफ उडाली, की ठिपका परत निळा.

मूर्तीच्या शेल्याला आम्ही फ्लोरोसंट गुलाबी मारतो, मग तोच रंग सेन्सर म्हणून चालेल का?

प्रश्न एकदम रास्त आहे, पेणच्या एका कारखान्यात विचारला होता. रेणू त्याच जातीचे असतात पण रंग बनवणारा तो डाय कडक रेझिनच्या बारीक कणांत कोंडून टाकतो, हवा-पाण्याने रंग मरू नये म्हणून. सेन्सरला नेमकं उलट पाहिजे, प्रत्येक रेणूपर्यंत हवा पोचली पाहिजे. म्हणून चांगली फिल्म घावनासारखी जाळी पडलेली असते, गुळगुळीत आणि जाड फिल्म दिसायला छान पण वाफ आत मुरायलाच वेळ लागतो, मग यंत्र तुम्हाला उशिरा सांगणार.

वास येतोच की! त्याला मशीन कशाला?

वास येतो, मग दहा-पंधरा मिनिटांत यायचा बंद होतो, आणि वाफ तेवढीच असते किंवा वाढलेली असते. नाक थकतं. रोज रेझीन मारणाऱ्या माणसाला विचारा, तो म्हणेल आता काही वाटत नाही, आणि त्याच शेडमध्ये बाहेरून आलेल्या माणसाचे डोळे चुरचुरतात.

दुसरं म्हणजे वास आणि धोका यांचा मेळ बसत नाही. फायबरच्या रेझीनमधल्या स्टायरीनचा वास एक पीपीएमच्याही (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) खाली येतो. बेंझीनचं उलटं, अमेरिकेच्या ओशाची (कामगार सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) आठ तासांची मर्यादा १ पीपीएम आहे आणि बऱ्याच लोकांना त्याच्यावर गेल्याशिवाय वासच येत नाही, आणि आला तर तो गोडसर असतो, कोणाला वाईटही वाटत नाही. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा १९४८ च्या दुसऱ्या परिशिष्टात कामाच्या जागी कुठलं रसायन किती चालेल त्याची यादी दिलेली होती. पण होड्यांच्या शेडमध्ये अशी यादी कोण घेऊन येतो, म्हणून स्वतःला माहीत असलेलं बरं.

सगळ्यात वाईट कुठलं?

बेंझीन. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं, रक्ताचा. त्यानंतर माझ्या मते लोक ज्याला सगळ्यात हलकं घेतात ते डायक्लोरोमिथेन, जुना रंग खरवडायच्या पेंट रिमूव्हरमध्ये असतं. ते शरीरात गेलं की लिव्हर त्याचं कार्बन मोनॉक्साइड बनवतं, म्हणजे बंद खोलीत शेगडी ठेवल्यावर जो वायू माणूस मारतो तोच तुमच्या रक्तात आतून तयार होतो. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने त्याच्या जवळही जाऊ नये. स्वस्त चिकटवण्यांत हेक्झेन असतं, रोज अनेक महिने श्वासातून गेलं तर हातापायाच्या नसा जातात, आधी मुंग्या, मग पकड सैल. मिथेनॉल डोळ्यांवर जातं. टोल्युइन म्हणजे ज्याने "थिनर चढला" असं आपण म्हणतो तो मुख्य ऐवज, चक्कर, डोकं जड. फायबरच्या रेझीनमध्ये साधारण ३० ते ४५ टक्के स्टायरीन असतं आणि ते २०१८ पासून कॅन्सरच्या "बहुधा" वाल्या गटात आहे.

ॲसिटोन त्यामानाने बरं, पण आग लागायला एक नंबर.

व्हिडिओत बाटलीच्या तोंडाशी धरलं की लगेच रंग बदलतो, मग आमच्या शेडमध्ये का नाही कळत?

हा प्रश्न जो विचारतो त्याला अर्धा विषय समजला.

बाटलीच्या तोंडाशी वाफ संपृक्त असते. ॲसिटोनचा हिशेब केला तर २५ डिग्रीला बंद बाटलीतल्या हवेत जवळपास ३० टक्के ॲसिटोन, म्हणजे तीन लाख पीपीएम. टोल्युइन तेवढ्याच तापमानाला साधारण ३७,००० पीपीएम. आणि तुम्हाला शेडमध्ये पकडायचंय ५० किंवा १०० पीपीएम. वर सांगितलेला टीएलसी प्लेटचा प्रयोग बरणीत झकास चालतो पण १०० पीपीएमला तिथे वाफ जमणारच नाही, ठिपका निळाच राहणार, आणि ठिपका निळा आहे म्हणून कोणी आत उतरला तर ते सेन्सर नसण्यापेक्षा वाईट. म्हणून कुठलाही लेख वाचताना किंवा कोणी यंत्र विकायला आला की पहिला प्रश्न हा विचारायचा, किती पीपीएमला तपासलं? "तीन सेकंदांत उत्तर" वगैरे नंतर बघू. आणि दुसरा प्रश्न, कोरड्या नायट्रोजनमध्ये तपासलं की खऱ्या हवेत.

आपल्या पावसाळ्यात हे चालेल का?

इथेच कोकणाची खरी परीक्षा आहे, आणि मला वाटतं या विषयात आपल्या भागातल्या माणसाने सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीचा धरायला पाहिजे.

३० डिग्री आणि ९० टक्के आर्द्रता, म्हणजे आपला जुलैचा साधा दिवस, त्या हवेत पाण्याची वाफ जवळपास ३८,००० पीपीएम असते. त्यात तुम्ही १ पीपीएम बेंझीन शोधताय. फिल्मने पाण्याकडे अगदी हजारातला एक भाग जरी लक्ष दिलं तरी यंत्राला ते ३८ पीपीएमसारखं दिसणार. सकाळी ऊन पडलं, दुपारी सर आली, संध्याकाळी परत उघडीप, प्रत्येक वेळी शून्य सरकणार. नाईल रेडसारखे पोलॅरिटीवर चालणारे डाय तर पाण्याला आणखीच हळवे.

उपाय आहेत. फिल्मला पाणी न धरणारा पॉलिमर वापरायचा, वर टेफ्लॉनची सच्छिद्र जाळी लावायची, शेजारी दुसरी एक फिल्म ठेवायची जी फक्त आर्द्रतेला आणि तापमानाला बदलते पण सॉल्व्हंटला नाही, आणि दोघींतला फरक वाचायचा. तापमानाचंही तेच, गरम झालं की बहुतेक फिल्मची चमक आपोआप उतरते, पत्र्याखालच्या शेडमध्ये दुपारी उगाच अलार्म वाजला तर कारण बऱ्याचदा हेच.

काही जण हवेच्या नळीत सिलिका जेलची पुडी घालतात, कोरडी हवा मिळते म्हणून. ते करू नका. सिलिका जेल सॉल्व्हंटही पितो, म्हणजे जे मोजायचं तेच अडवून ठेवलं. त्यापेक्षा शून्य करायची रीत बदला : त्याच जागेची हवा ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या नळकांड्यातून ओढायची. सुरुवातीला कार्बन थोडं पाणी पितो, ते स्थिरावलं की सॉल्व्हंट त्यात अडकतो आणि ओलावा जवळपास तसाच पुढे येतो. त्या हवेवर शून्य लावायचं आणि मग नळकांडं काढून मोजायचं. काम सुरू करायच्या आधी एकदा, जेवणानंतर एकदा, आणि मोठी सर येऊन गेली की परत. पाच मिनिटांचं काम आहे, पण याशिवाय आपल्याकडच्या आकड्याला मी तरी काडीची किंमत देणार नाही.

आणि खारी हवा?

मिठाचे कण भिंगावर आणि फिल्टरवर बसून उजेड अडवतात, कनेक्शनला हिरवा गंज चढतो. बंदरावर वापरायचं तर हवेच्या वाटेला धूळ-मिठाचा फिल्टर पाहिजे आणि तो दर आठवड्याला बघायचा.

आमच्या कंपनीत पीआयडी आहे, मग हे कशाला?

पीआयडी (फोटोआयोनायझेशन डिटेक्टर, अल्ट्राव्हायोलेट दिव्याने वाफ मोजणारं) चांगलं यंत्र आहे, ते असेल तर पहिलं तेच वापरा. पण त्याची एक मर्यादा नीट माहीत पाहिजे. त्यातला नेहमीचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो, ज्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला त्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते तो त्याला दिसतच नाही. बेंझीन ९.२४, टोल्युइन ८.८३, ॲसिटोन ९.७० म्हणजे ही तिन्ही दिसतात. मिथेनॉल १०.८४, डायक्लोरोमिथेन ११.३, क्लोरोफॉर्म ११.४ च्या आसपास, ही नाही दिसत, स्क्रीनवर शून्य आणि खोली भरलेली! ११.७ चा दिवा मिळतो, पण त्याची खिडकी लिथियम फ्लोराइडची, ती ओलाव्याने खराब होते, आपल्या हवेत तर फारच लवकर. अशा वाफांसाठी खास बनवलेली फ्लोरोसंट फिल्म इथे उपयोगी पडू शकते, कारण तिला रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायचा नसतो.

एलईएल मीटर वाजला नाही म्हणजे सेफ ना?

नाही. नाही. नाही. एलईएल मीटर आग लागेल का एवढंच बघतो. टोल्युइनची खालची स्फोट मर्यादा १.१ टक्के, म्हणजे ११,००० पीपीएम. मीटर तिच्या १० टक्क्यांना वाजतो असं धरलं तर ११०० पीपीएम. आणि टोल्युइन ५०० पीपीएमलाच जिवाला तातडीचा धोका मानतात. म्हणजे अलार्म वाजायच्या आधीच आतला माणूस आडवा झालेला असू शकतो. टँकमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक पोराला हे गणित कोणीतरी समोर बसून समजावलं पाहिजे.

कुठली वाफ आहे ते नाव सांगतो का हा सेन्सर?

एक फिल्म नाव सांगत नाही. बेंझीन आणि टोल्युइन तर सख्खे भाऊ, एकट्या फिल्मला ते वेगळे करणं जवळपास अशक्य. सहा-आठ वेगवेगळ्या फिल्म शेजारी लावून कोण किती बदललं त्या नमुन्यावरून ओळखतात, पण थिनर म्हणजे मुळातच पाच-सहा गोष्टींची मिसळ, आणि डब्यागणिक वेगळी. नक्की नाव पाहिजे तर नमुना घेऊन प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीला (मिसळीतली एकेक वाफ वेगळी करून ओळखणारी चाचणी) पाठवायचा.

फिल्म किती टिकते?

सतत उजेड मारत राहिलं तर डाय मरतो, ऑक्सिजन आणि उजेड मिळून त्याला खातात. म्हणून चांगल्या यंत्रात एलईडी सेकंदातून क्षणभरच पेटतो. दुसरा त्रास म्हणजे वाफ चिकटून बसणं, खास करून अमाइन. स्वच्छ हवेत ठेवून चमक परत मूळ जागी येते का ते बघा, येत नसेल तर फिल्म बदला.

मोबाईलच्या कॅमेऱ्याने चमक मोजता येईल का?

येते, पण कॅमेरा स्वतःहून उजेड आणि रंग ॲडजस्ट करतो, त्यामुळे चमक अर्धी झाली तरी फोटो तसाच दिसतो. एक्स्पोजर आणि व्हाईट बॅलन्स लॉक करा आणि प्रत्येक फोटोत शेजारी न बदलणारा एक चमकता तुकडा ठेवा. शिकायला ठीक, सुरक्षेसाठी नको.

कॉलेजच्या प्रोजेक्टला काय करू?

हळदीपासून सुरुवात करा. चिमूटभर हळद थोड्या खोबरेल तेलात आणि थोडी स्पिरिटमध्ये, दोन्ही गाळून अंधारात यूव्ही टॉर्चखाली धरा. तेलातली हिरवट दिसेल, स्पिरिटमधली जास्त पिवळट, आणि नुसत्या पाण्यात जवळपास काहीच नाही. त्यातला कर्क्युमिन आजूबाजूला काय आहे ते बघून रंग बदलतो, म्हणजे सेन्सरचं तत्त्व तुमच्या स्वयंपाकघरात आहे. पुढे पॉलिमरमध्ये नाईल रेड घालून स्लाइडवर फिल्म करा आणि इथेनॉलची मोजून वाफ द्या, २०, ५०, ८० टक्के आर्द्रतेला तेच परत करा, हा तुमचा प्रोजेक्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा ठरेल. बेंझीन, क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन या वाटेला जाऊ नका. यूव्ही चष्मा लावा.

लोटे, महाड, रोह्याच्या बाजूला राहतो, रात्री वास येतो, घरात हे लावू का?

रात्री येणारा तो वास बऱ्याचदा गंधकाच्या संयुगांचा किंवा अमाइनचा असतो, ती अगदी कणभर असली तरी नाकाला कळतात आणि एवढ्या कणभरावर सॉल्व्हंटची फिल्म काही बोलणार नाही. आणि बाहेरच्या हवेत बेंझीनचं आपलं राष्ट्रीय मानक आहे वर्षाच्या सरासरीला ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे दीड पीपीबीच्या (अब्ज भागांत दीड भाग) जरा वर, ते घरच्या यंत्राने मोजायची गोष्ट नाही. वही ठेवा. तारीख, वेळ, वास कसा, वारा कुठून. दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई, त्यामुळे दिवसा एका वाडीला आणि रात्री दुसऱ्या वाडीला त्रास होतो, दोन वाड्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या की कुठून येतंय ते बरंच कळतं. अशी नोंद घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेलं की नुसत्या "वास येतो" पेक्षा ऐकलं जातं.

रात्री समुद्रात निळं चमकतं ते हेच का?

ते वेगळं. तिथे बारीक एकपेशीय जिवांच्या आत रासायनिक क्रियेने उजेड तयार होतो, बाहेरून उजेड टाकावा लागत नाही.

सेन्सर लावायचा कुठे?

खाली. या वाफा हवेपेक्षा जड, टोल्युइन तिप्पट, स्टायरीन साडेतीन पट. होडीच्या पोटात, मासळीच्या कप्प्यात, इंजिनाच्या खणात त्या साचतात, आणि माणूस तिथेच ओणवा होऊन रोलर फिरवत असतो. वर खांबाला लटकवलेला सेन्सर बिनकामाचा. काम करणाऱ्याच्या नाकाच्या उंचीला एक आणि तळाला एक. आणि जिथे आग लागण्याएवढी वाफ होऊ शकते तिथे स्फोटरोधक प्रमाणपत्र असलेलंच यंत्र, आपल्याकडे ते काम पेसो (केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) बघतं, घरी जोडलेला सर्किट बोर्ड तिथे न्यायचा नाही.

मास्क लावला तर सेन्सर नको ना?

रुमाल आणि एन-९५ वाफ अडवत नाहीत, ते धुळीसाठी. ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो, आणि तोही मिथेनॉल, डायक्लोरोमिथेनला फार वेळ थोपवत नाही. कार्ट्रिज कधी भरलं ते दिसत नाही, मास्कच्या आत वास आला तर उशीर झालेला असतो. आधी ताडपत्रीची दोन टोकं उघडा आणि तळाशी पाइप टाकून हवा बाहेर ओढणारा पंखा लावा, त्याची मोटर वाफेच्या वाटेत नको. मग मास्क. सेन्सर हे सांगायला की पंखा खरंच काम करतोय का.

अलार्म वाजला आणि आत माणूस पडलेला दिसला तर?

मागोमाग उडी मारायची नाही. वाचवायला गेलेला दुसरा माणूसच बऱ्याचदा जातो. आरडाओरडा करून माणसं बोलवा, पंख्याने आणि कॉम्प्रेसरच्या नळीने बाहेरची हवा आत सोडा, लाइटच्या बटणाला हात लावू नका, १०८ ला फोन करा. आधीच कमरेला दोरी बांधलेली असेल तर बाहेरूनच ओढता येतं, म्हणून होडीच्या पोटात उतरणाऱ्याला दोरी आणि वर तोंडाशी एक माणूस, हे काम कितीही छोटं असलं तरी. बाहेर काढल्यावर मोकळ्या हवेत एका कुशीवर झोपवा, श्वास चालू आहे का बघा, रेझीन लागलेले कपडे काढा, आणि डॉक्टरला डबा नेऊन दाखवा, त्यावर काय काय आहे ते लिहिलेलं असतं.